सहा नोव्हेंबरला मी गावात नव्हतो

रविवार, ९ सप्टेंबर १८६०. कार्टर्स बेंड, केंटकी

डॉक्टर व्हीलन म्हणाले, "एनॉक, काय खातोस आणि पोट कधी दुखतं ते लिहीत जा. ते वाचून मग औषध ठरवू." म्हणून ही वही. घोड्याला नाल ठोकायला मला कुणी शिकवायला नको, पण टाक हातात धरला की बोटं आखडतात.

सकाळी मक्याची भाकरी, काकवी, खारवलेलं डुकराचं मांस. दुखलं नाही. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी सगळ्यांना शांती लाभो म्हटलं, आणि बाहेर येतायेताच दोन शेतकऱ्यांनी एकमेकांच्या दाढ्या धरल्या. कशावरून? तर पश्चिमेकडे नवे प्रदेश होतायत, तिथे गुलाम नेता यावेत की नाही. त्या प्रदेशांत आमच्या गावचं चिटपाखरू गेलेलं नाही, जाणारही नाही. तरी एकाचा सदरा फाटला. मला मधे बोलावलं, "प्रुएट, तुम्हीच सांगा कोण बरोबर." मी दोघांकडे बघून मान हलवली आणि घोडागाडी जुंपायला निघालो.

तेव्हा दुखलं. डाव्या बाजूला, बरगडीखाली.

मंगळवार, १८ सप्टेंबर

ताक, उकडलेला घेवडा. दिवसभर अजिबात दुखलं नाही. क्रेनच्या गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या. हे काम एकट्याचं नाही. तापलेली लालबुंद धाव दोघांनी उचलायची, चाकावर बसवायची, ठोकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. आयझम बरोबर असला की मला बोलावं लागत नाही. एका हातात सांडशी, दुसऱ्यात हातोडी, भात्याचा आवाज चाललेला, अशा वेळी तोंड काय कामाचं? मी मान हलवली की त्याचा घण पडतो. मान बाजूला वळवली की थांबतो. चार वर्षांत एकदाही चुकला नाही. बाकी गावाला माझ्या मानेचा अर्थ लागत नाही म्हणतात, याला बरोबर लागतो.

डॉक्टर वाचतील म्हणून सांगून ठेवतो. आयझम माझा नाही. आम्ही गुलाम बाळगत नाही. थर्झा, म्हणजे माझी बायको, नदीपलीकडच्या ओहायोची. तिच्या माहेरी हे असलं काही चालत नाही, लग्नातच तिने तसा शब्द घेतला होता. आयझम कर्नल हॅडन यांचा. आम्ही त्याला फक्त वर्षाच्या कराराने आणतो. एक जानेवारीला कोर्टाच्या पायऱ्यांवर बोली होते, तिथून तो माझ्याकडे येतो. नाताळला परत कर्नलच्या मळ्यावर जातो. तिथे त्याची बायको केझी आणि लहानगी रोडा असते. करारात त्याचे कपडे, बूट, घोंगडी माझ्याकडून. मी घोंगडी नेहमी चांगलीच देतो.

शनिवार, २९ सप्टेंबर

भाजलेली कोंबडी, सफरचंदाचा मुरंबा. खाल्ल्यावर काही नाही. तीनच्या सुमारास कर्नल आले आणि सुरू झालं.

कर्नल कुठल्या लढाईत नव्हते. ती पदवी त्यांना लोकांनीच दिलेली आहे, आमच्याकडे मोठा मळा आणि भारदस्त आवाज असला की ती आपोआप मिळते. काळी घोडी घेऊन आले होते. आयझमने पाय उचलून धरला, मी खूर तासत होतो, आणि कर्नल आम्हा दोघांच्या डोक्यावरून बोलत होते.

"काय प्रुएट, सहा नोव्हेंबरच्या मतदानाची तयारी काय?"

"नालांची मागणी वाढलीय, कर्नल."

"नालांचं नाही विचारत. आपल्याच राज्याचा माणूस अध्यक्षपदाला उभा आहे. दक्षिणेचे हक्क राखणारा एकच. बाकीचे सगळे नेभळट, आणि तो इलिनॉयचा उंच वकील तर आपल्या घरातली भांडीसुद्धा मोकळी सोडील." मग हसत म्हणाले, "न्यू ऑर्लिन्सचा दलाल परवा आला होता. आयझमसारख्या लोहारकाम जाणणाऱ्याला तिकडे फार मागणी. मी म्हटलं, नाही बाबा, तो आपल्या प्रुएटकडे आहे, आणि प्रुएट आपला माणूस आहे. आहे ना?"

मी मान हलवली.

"झालं तर मग. सहा तारखेला ऐकूच."

ते गेल्यावर आयझमने घोडीचं तासलेलं नख उचलून कोपऱ्यात टाकलं. कर्नल सहज बोलले असतील. मोठ्या माणसांना असं बोलायची सवयच असते.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

मक्याची भाकरी, डुकराचं मांस. आज क्रेन आला. टोबायस क्रेन, आमचा गिरणीवाला. वर्षभराचं निम्मं काम त्याचं असतं. तो संघराज्याच्या बाजूचा. म्हणतो, "देश एकत्र राहिला पाहिजे, गुलामांचं काय ते मग बघू." खरं सांगायचं तर माझंही मत तेच आहे. पण मत असणं वेगळं आणि ते कोर्टाच्या पायरीवर उभं राहून बोलणं वेगळं.

कारण आमच्याकडे तोंडाने मत देतात. शेरीफ खुर्चीत बसतो, शेजारी कारकून. नाव पुकारलं की पायरी चढायची आणि सगळ्या गावासमोर खणखणीत आवाजात सांगायचं की मी अमुकाला मत देतो. तो उमेदवार किंवा त्याचा माणूस लगेच उठून आभार मानतो. ज्याला मत दिलं नाही त्याचा माणूस नुसता बघत बसतो. माझ्या वडिलांना हा मोठा मर्दपणा वाटायचा. तेव्हा भांडण रस्त्याच्या कराचं असायचं.

क्रेन म्हणाला, "एनॉक, त्या कर्नलच्या टोळक्यात तुझा आवाज ऐकू आला ना, तर माझ्या जात्याची कामं मी मेसव्हिलच्या लोहाराकडे नेईन. सांगून ठेवतो."

"तसं कसं होईल, टोबायस!"

"मग आपल्या बाजूने धरू तुला?"

मी मान हलवली. तो खूश होऊन गेला. मला लगेच भट्टीमागे जाऊन वाकून बसावं लागलं.

ही वही आता डॉक्टरांना दाखवण्यासारखी राहिली नाही.

बुधवार, २४ ऑक्टोबर

काय खाल्लं ते आठवत नाही.

गावात माणसं रस्त्याची बाजू बदलून चालायला लागलीत. चर्चमध्ये उजवीकडचे बाक दक्षिणवाल्यांचे आणि डावीकडचे संघराज्यवाल्यांचे, असं कुणी न सांगताच ठरलं. मी मागे दाराशी उभा राहतो, म्हणतो पाय अवघडलाय. कर्नलच्या माळावर तरणी पोरं मक्याचे धांडे खांद्यावर टाकून कवायत करतात. क्रेनच्या गिरणीमागेही करतात. कालपर्यंत हीच पोरं एकत्र मासे धरायची.

थर्झाला मी दोन्ही बाजूंचं सांगितलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, तुमचं पोट नाही दुखत. गिळलेले शब्द दुखतात."

"बोलून कुणाचं भलं झालंय?"

"आणि मान हलवून? कर्नलना हो, क्रेनला हो. उद्या सैतान आला तर त्यालाही हो, बसा, घोडा आणलाय का?"

"मी कुणाला दुखवत नाही, एवढंच."

"बरं. मग ओरडता का पोट धरून?"

बाईमाणसाला मत द्यावं लागत नाही, म्हणून असं बोलता येतं.

शनिवार, ३ नोव्हेंबर

तोडगा सापडला! मंगळवारी मी नदीपलीकडे थर्झाच्या भावाकडे जाणार. लेवीचं लोखंडाचं दुकान आहे. हिवाळ्याआधी लोखंड भरायला नको का? गावात नसलेल्या माणसाला कोण काय विचारणार? कर्नल म्हणतील, असता तर आमच्यासाठीच बोलला असता. क्रेनही तेच म्हणेल. कुणाला दिलेला शब्द मोडला नाही आणि कुणाला दुखवलंही नाही. मनावरचं ओझं उतरलं. रात्री दोनदा वाढून घेतलं.

सोमवार, ५ नोव्हेंबर

भट्टी विझवताना आयझमने विचारलं, "उद्या पलीकडे जाताय म्हणे मालक?"

"हो. लोखंड आणायला."

"लोखंड आहे की. मागच्या भिंतीला रचलंय."

"असलं म्हणून काय झालं? जास्तीचं असावं."

तो भात्याची दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "एक बोलू? रागावू नका. उद्या जाऊ नका. पायरीवर जा, आणि कर्नलसाहेबांना ऐकायचंय ते नाव घ्या."

मी चाटच पडलो. "अरे, कुणाचं नाव घ्यायला सांगतोयस, कळतंय का? तुझी बेडी आणखी आवळणारा माणूस आहे तो!"

"कळतंय."

"मग?"

"चौघं उभे आहेत ना? तो इलिनॉयचा वकील धरून चार. त्यांतला कुणीही निवडून आला तरी एक जानेवारीला मी कुणाच्या हातात असणार?"

मी भट्टीतली राख सारखी करायला लागलो, तेव्हा त्यानेच उत्तर दिलं,

"कर्नलसाहेबांच्याच. त्या चौघांत माझ्यासाठी कुणी उभा नाही, मालक. तेव्हा माझी बेडी तुम्ही मधे आणू नका. मला फक्त एक वर्ष पाहिजे. दलाल दोनदा येऊन गेला. माझे दात बघितले त्याने. रोडा आता कुठे मला नावाने हाक मारायला लागलीय. देशाला पुढच्या वर्षी काय करायचं ते करू दे."

मी त्याला समजावलं की मत ही देवासमोर द्यायची गोष्ट आहे, ते असं कुणाच्या धाकाने विकता येत नाही.

तो म्हणाला, "तुम्हाला विकायचं कुठे आहे? तुम्ही नुसतं बोलायचंय. विकतात ते मला."

इतकी वर्षं तो माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण आला नाही, घाम आला. मी म्हटलं, "बघू."

"बघू म्हणजे हो का, मालक?"

मी मान हलवली. त्याने ते पाहिलं, आणि घण जागेवर ठेवून गेला.

मंगळवार, ६ नोव्हेंबर. ओहायो, लेवीच्या घरी

पहाटेच्या होडीनेच आलो. होडीवाला म्हणाला, "आज सगळे अलीकडे येतायत आणि तुम्ही पलीकडे?" मी थंडीचं काहीतरी बोललो.

वाटेत एकदा मनात आलं की परत फिरावं. खरंच आलं होतं. पण नाव कुठलं घ्यायचं? कर्नलचं घ्यावं तर क्रेन गेला, आणि माझं मनही त्यात नाही. क्रेनचं घ्यावं तर आयझम गेला. इकडे आड तिकडे विहीर. गप्प बसलं तर निदान माझ्या हातून कुणाचं वाईट तरी होत नाही.

लेवीकडे आज मतदानच चाललेलं. इथे छापलेला कागद पेटीत टाकतात. तो स्वतः त्या वकिलाच्या बाजूचा, टोपीला फीत लावून हिंडत होता. मला बघून म्हणाला, "काय दाजी, आजच्या दिवशी इकडे?"

"लोखंड पाहिजे होतं."

"लोखंड काय पाय फुटून पळणार होतं?"

"तुमचं बरं आहे लेवी, कागदावर भागतं. गावासमोर उभं राहून बोलावं लागलं असतं म्हणजे कळलं असतं."

"तुम्हाला कागद दिला असता ना दाजी, तर तोही कोराच निघाला असता." सगळे हसले, मीही हसलो.

दुपारी भोपळ्याची गोड पोळी, बदक, सफरचंदाची दारू. पोट मुळीच दुखलं नाही. इकडच्या हवेचा गुण असावा.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

इलिनॉयचा वकील निवडून आला. आमच्या गावात मात्र संघराज्यवाला भरपूर मतांनी पुढे राहिला. म्हणजे माझ्या एका मताने तसूभरही फरक पडला नसता. हे मी थर्झाला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने ऐकलं नाहीसं केलं.

क्रेन रस्त्यात भेटला. "लोखंड मिळालं का?" म्हणाला आणि थांबला नाही. गिरणीची गाडी मेसव्हिलकडे जाताना दिसली. कर्नल काही बोलले नाहीत. शेरीफशी बोलत उभे होते, मी टोपी काढली, त्यांनीही काढली. ते नाराज नसावेत. नाराज असते तर टोपी कशाला काढली असती?

आयझम कामावर आहे. घण नीट पडतो. बोलत नाही, पण तसा तो कधीच फार बोलत नसे.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

बरी बातमी. कर्नलनी घोडेस्वारांची तुकडी उभारायला घेतलीय आणि सगळ्या घोड्यांचे नाल माझ्याकडून! माणूस पाठवून कळवलं. मी निरोप धाडला की नाताळच्या आत देतो, घाई असेल तर रविवारीही भट्टी पेटवतो. आता सगळं मिटलं म्हणायचं. मोठ्या माणसाचं मन मोठंच असतं.

थर्झा म्हणाली, "घोडे कुणावर नेणार आहेत?"

"कुणावर नाही. नुसती तयारी."

"लेवीच्या गावावर नेले तर?"

मधे नदी आहे, मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. घोड्यांना पोहता येतं हे तिला सांगायची गरज नव्हती.

आयझमला मी उत्साहाने सांगितलं, "बघ, कर्नलनी आपल्यावरच काम सोपवलं!" तो म्हणाला, "हो मालक," आणि पहिल्या नालाचं लोखंड भट्टीत सारलं. आम्ही दिवसभर ठोकत होतो. संध्याकाळी थोडं दुखलं.

शनिवार, २२ डिसेंबर

साउथ कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडलं. तार आली तेव्हा कर्नलच्या लोकांनी बंदुकीचे बार काढले, गिरणीवाल्यांनी चर्चची घंटा बडवली. कुणाचा आनंद आणि कुणाचा शोक, आवाजावरून ओळखू येईना. पाद्रीबुवांनी उद्याची प्रार्थना दोन वेगळ्या वेळी ठेवलीय. दारात उभं राहायचं तर दोनदा उभं राहावं लागेल.

नाल पुरे झाले.

सोमवार, २४ डिसेंबर

रिवाजाप्रमाणे आयझम आज मळ्यावर गेला. थर्झाने रोडासाठी आल्याची बिस्किटं आणि लोकरीची टोपी दिली. "येतो बाईसाहेब," म्हणाला. चामड्याचा एप्रन दरवर्षी तो खुंटीला अडकवून जातो, आज घडी करून ऐरणीवर ठेवला. मी म्हटलं, "अरे, खुंटी आहे की तुझी." तो म्हणाला, "ऐरणीवरच बरा. कुणाला लागला तर सापडेल."

मी म्हटलं, "एक तारखेला भेटू. मी सकाळपासून पायऱ्यांशी असणार. कर्नलशी माझं चांगलं आहे आता."

त्याने माझ्याकडे बघितलं. नेहमी तो मी मान हलवायची वाट बघतो, तसंच. मी हलवलीही. पण या वेळी तो वळून चालायला लागला होता.

मंगळवार, १ जानेवारी १८६१

जसं झालं तसंच लिहितो.

मी सकाळपासूनच होतो, सगळ्यांत पुढे. कर्नल पायरीवर, शेजारी शेरीफ, बोली पुकारायला. तोच शेरीफ, तीच खुर्ची. खाली रांगेत माणसं उभी, लेकरं बायकांच्या झग्यांना धरून. केझी आणि रोडा कडेला होत्या. रोडाच्या डोक्यावर आमची टोपी होती. मला बरं वाटलं ते बघून.

आयझमचं नाव आलं. शेरीफ म्हणाला, "पक्का माणूस, लोहारकाम जाणणारा. वर्षाच्या कराराने किंवा कायमचा, मालकांची दोन्हीला तयारी आहे. बोला."

मी लगेच बोललो. गेल्या वर्षीपेक्षा जास्तच बोललो.

शेरीफ माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणाला, "कुणी बोललं का?"

मला वाटलं गलबल्यात ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा बोललो, ओरडूनच.

"कुणी बोललं का, कर्नल?"

कर्नल म्हणाले, "छे. मला तरी ऐकू आलं नाही. सहा नोव्हेंबरलाही तिथून काही ऐकू आलं नव्हतं. तिथे कुणी उभं नसावं." लोक हसायला लागले. मागून दलालाने शांतपणे बोली दिली, ती त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आली.

मग मी ते केलं. पायरीवर चढलो आणि दक्षिणेच्या उमेदवाराचं नाव ओरडलो. "माझं मत त्याला! मी प्रुएट, माझं मत त्याला!" दोन महिने झाले निवडणूक होऊन. आधी कुणाला कळेना, मग असं हसू फुटलं की कोर्टाच्या छपरावरची कबुतरं उडाली. गर्दीत क्रेन होता. त्याने माझ्याकडे बघून थुंकलं. कर्नलनी टोपी काढली, वाकले आणि म्हणाले, "आभारी आहे, प्रुएट." जसे मतदानाच्या दिवशी मानतात तसे आभार.

दलालाने आयझमला बाजूला नेलं. तो हसत नव्हता, चिडलाही नव्हता. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तो रोडाकडे बघत होता. ती त्याला हाका मारत होती, बाबा म्हणून नाही, नावाने. ते सगळ्यांना ऐकू आलं.

एप्रन ऐरणीवर तसाच आहे.

रविवार, १३ जानेवारी

दुखत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. तिथे काही उरलंच नाही, असं वाटतं.

थर्झा जेवण वाढते. आज एवढंच म्हणाली, "मी माहेरी शब्द घेतला होता की आपण गुलाम ठेवायचे नाहीत. घेताना शहाणी समजत होते स्वतःला."

मंगळवार, १६ एप्रिल

कॅरोलायनाच्या बंदरातल्या किल्ल्यावर तोफा डागल्या. युद्ध सुरू झालं. काल वकिलाने, म्हणजे आता अध्यक्षाने, पलटणी मागवल्या. गावात सैन्यात नावं नोंदवायला दोन टेबलं मांडली आहेत, दक्षिणवाल्यांचं कोर्टाशी, संघराज्यवाल्यांचं गिरणीशी. कर्नलच्या पोरांच्या खांद्यावर आता धांडे नाहीत, खऱ्या बंदुका आहेत. घोडे आमच्या नालांवर दुडक्या चालीने गेले. ठोका कुठे जड पडलाय आणि कुठे हलका, ते मला आवाजावरून कळत होतं. अर्धे ठोके आयझमचे होते.

दोन्ही टेबलांपुढून गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज बोलायचं, संघराज्याच्या बाजूने, मोठ्याने. गिरणीशी क्रेनच बसला होता. मी तोंड उघडलं. तो म्हणाला, "सरका मामा, मागे लोक उभे आहेत."

दुपारी केझी दुकानात आली. कर्नलच्या माणसाबरोबर खिळे न्यायला आली होती, तो बाहेर घोडा बांधत होता. ती ऐरणीजवळ गेली आणि घणाच्या दांड्यावरून हात फिरवला. हिकरीचं लाकूड, आयझमनेच तासलेलं, त्याच्या मुठीचा खळगा पडलाय त्यावर.

मी विचारलं, "काही कळलं का त्याचं?"

तिने मान हलवली. नाही म्हणून.

मी म्हटलं, "केझी, मी त्या दिवशी... मी प्रयत्न केला होता."

ती म्हणाली, "निवडणुकीच्या आदल्या रात्री तो फार खूश होऊन मळ्यावर आला होता. चोरून, परवानगी नसताना, नुसतं सांगायला. म्हणाला, आता वर्षाची काळजी नाही. मी विचारलं, मालकांनी शब्द दिला का? म्हणाला, शब्द कशाला पाहिजे? त्यांनी मान हलवली. मी इतकी वर्षं त्या मानेवर घण घालतोय, ती कधी खोटी हलत नाही."

एवढं सांगून तिने खिळ्यांची पिशवी उचलली. मी एप्रन पुढे केला, तो तिने घेतला आणि गेली.

नंतर मी भट्टी पेटवली. क्रेनचं काम नाही, कर्नलचं करायचं नाही, तरी पेटवली. एक सळई लाल केली, ऐरणीवर धरली. सांडशी एका हातात, हातोडी दुसऱ्यात. आणि मान हलवली.

लोखंड काळं पडेपर्यंत तसाच उभा होतो.